तीन वेळा नको

१४ नोव्हेंबर १९७२, मंगळवार

निघताना बाबांनी ही वही हातात दिली आणि म्हणाले, रोज लिही, मराठीत लिही, खरं लिही. रोजचं काही सांगता येत नाही. बाकीचं दोन्ही पाळीन.

आज सकाळी सोलापूरला पोचले. बाहेरदेशच्या मुलांना इथल्या घरांत ठेवणाऱ्या मैत्री मंडळाचे चिटणीस शिवपुत्रअण्णा फलाटावर हार घेऊन उभे होते. त्यांच्या दोन पावलं मागे धर्मपालकाका होते, ज्यांच्या घरी मला वर्षभर राहायचं आहे. अण्णांनी हार घातला, काकांनी माझी ट्रंक उचलली. अण्णा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घरांची यादी करताना जरा गडबड झाली. तिथं अवघड वाटलं तर एक कार्ड टाक. आमचा बंगला मोठा आहे." मी म्हणाले, "मला लहान घराची सवय आहे." ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

काका याच स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून आहेत. त्यांनी मला आधी फलाटावरच्या वजनाच्या यंत्रावर उभं केलं. "बाहेरून आलेला माल आम्ही वजन केल्याशिवाय सोडत नाही." सेहेचाळीस किलो. तिकिटामागे भविष्य होतं: तुमचा स्वभाव सरळ आहे. लवकरच प्रवास घडेल. यंत्र थोडं मागे चालतं, असं दिसतं.

घर गिरणीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. नागूबाई काकू, त्यांची मुलगी मुक्ता (माझ्याहून एक वर्षानं मोठी, कॉलेजात जाते) आणि काकांचे वडील धोंडिराम आजोबा. आजोबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॉरिशस कंच्या तालुक्यात येतं?"

"समुद्रात येतं, आजोबा."

"मंजी पानी लई आसंल की!"

"पुष्कळ. पण खारट."

"मग काय उपेग."

माझे पणजोबा रत्नागिरीहून तिकडे ऊस तोडायला गेले आणि तिकडचेच झाले, हे मी सांगितलं. आजोबांना ते पटलं नाही. "ऊस तोडाय येवढ्या लांब? माळशिरसला ऊस न्हवता व्हय?"

मला फार तहान लागली होती. काही मागायचं नाही, हा बाबांचा नियम. म्हणून मी उठून माठात तांब्या बुडवला आणि प्याले. सगळे एकदम गप्प झाले. मी पाणी सांडलं की काय, म्हणून खाली पाहिलं. सांडलं नव्हतं. मग आजोबांनी माझ्या हातातून तोच तांब्या घेतला आणि तेही प्याले.

१६ नोव्हेंबर

नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांनीच घरी शिकवलं, आणि जे शिकवलं ते पक्कं बसलं. पाहुण्यानं काही मागू नये. वाढलेलं नाकारू नये. ताटात टाकू नये. घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत. आणि खोटं बोलू किंवा लिहू नये.

आज दुपारी काकूंनी दोन भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी वाढली. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी. मी सगळं संपवलं. काकूंनी तिसरी वाढली. तीही संपवली. चौथीच्या वेळी मला दरदरून घाम फुटला, पण वाढलेलं नाकारणार कशी? काकूंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि पाचवी अर्धी मोडून वाढली. नियम पाळणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मला बाहेरच्या खोलीत पाटावर बसवून एकटीला वाढतात. बाकी सगळे नंतर आत जेवतात, दार लोटून. माझं काय चुकतं? मी मचमच करते का, हे आज आरशासमोर बिस्कीट खाऊन पाहिलं. नाही करत. मुक्ताला विचारलं. "पाहुणा आधी, अशी पद्धत आहे आमच्याकडे," म्हणाली. म्हणजे पद्धत आहे तर. तरी उद्यापासून लहान घास घेईन.

आजोबा रोज संध्याकाळी मला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. भेटेल त्याला सांगतात, "आमच्याकडं ऱ्हाती. आमच्यातच जेवती." मी नमस्कार करते. इतकी साधी गोष्ट ते इतक्यांदा का सांगतात, कळत नाही. म्हातारपणी माणसं एकच गोष्ट परत परत सांगतात, आमचे आजोबाही सांगत.

९ डिसेंबर

मुक्ता आज माझ्यावर वैतागली. "तुला नको म्हणता येत नाही का गं?"

"वाढलेलं नाकारणं वाईट दिसतं."

"अगं बये, पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. मग ते आग्रह करणार. दुसऱ्यांदा नको. तिसऱ्यांदा नको म्हणून हात ताटावर आडवा धरायचा. मग वाढणारा थांबतो. तू नको म्हणेपर्यंत आई थांबूच शकत नाही. ताट रिकामं दिसलं की तिला वाढावंच लागतं."

"आणि मला भाकरी हवी असली तर?"

"तरी पहिलं नको म्हणायचंच."

"मग ते खोटं झालं."

"खोटं कसलं? पद्धत झाली."

मी विचार केला. भूक असताना म्हटलेलं पहिलं नको हे सरळ खोटं. दुसरं निम्मं खोटं. तिसरं खरं असेल, पण पहिल्या दोन खोट्यांवर उभं. मला नाही जमणार. मुक्ताला तसं सांगितलं.

"मग खा," ती म्हणाली. "खा आणि फुग."

३ जानेवारी १९७३

बावन्न किलो. काकांनी यंत्राभोवती पार्सल ऑफिसातली माणसं जमवली होती. तिकिटामागे: अनपेक्षित लाभ होईल. काका इतके खूश झाले की त्यांनी ते तिकीट खिशात ठेवलं आणि घरी येऊन आजोबांना दाखवलं. आजोबांनी ते बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलं.

रात्री मुक्तानं माझ्या ब्लाउजांची शिवण उसवून दिली.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. पलीकडच्या घरातल्या शरणम्मांनी भिंतीवरून तिळगूळ दिला. त्या मैंदर्गीच्या. घरात कानडी बोलतात आणि माझ्याशी मराठी.

"यव्वा, तू ह्यांच्याकडंच जेवतीस काय?"

"हो. दिवसातून दोनदा. चार चार भाकरी."

"पांढरी?"

"पांढरी."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरं हाय बघ तुझं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना माझा हेवा वाटला असेल का? काकूंच्या हातची भाकरी आहेच तशी.

८ फेब्रुवारी

नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे. रांगेत मी आणि मुक्ता. मला हंडा कमरेवर नेता येत नाही, डोक्यावर येतो. त्यावरून रांगेत बरीच करमणूक झाली.

नवीन काही नाही. काकूंच्या बांगड्या हात वर केला की पार कोपरापर्यंत जातात. मला वाटलं, इथं सैल बांगड्यांची पद्धत असावी. काकांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा आला की रूळ पसरतात आणि माणसं आकसतात." काकांच्या रेल्वेच्या विनोदांना मी आता वेळेवर हसते.

५ मार्च

काकू कुंभारीला बहिणीकडे गेल्या आहेत, मुक्ताची परीक्षा, काका कामावर. मी ठरवलं की आज स्वयंपाक मी करायचा. पहिल्यांदाच आतल्या खोलीत एकटी गेले.

पिठाचे डबे दोन. लहान डब्यात पांढरं पीठ, तळाला चार मुठी. मोठ्या डब्यात लालसर, भरड पीठ. मला वाटलं गुरांचं असेल. मग आठवलं, गुरं नाहीत.

तेवढ्यात आजोबा आले. मला त्यांनी पाहिलं नाही. टोपलीतून एक भाकरी घेतली. लाल, कडेनं चिरलेली. पाण्यात बुडवून खाल्ली, अर्धी परत ठेवली. मला वाटलं, हे औषधाचं असावं, दातांसाठी. मग वाटलं, पाण्यात बुडवून खायचं औषध दातांना काय करणार? मग मी अंदाज करणं बंद केलं, आणि भिंतीपलीकडे शरणम्मांकडे गेले.

६ मार्च

काल इथवर लिहून वही मिटली.

शरणम्मा म्हणाल्या, "तो मिलो. लाल जोंधळा. रेशनचा. बोटीतनं येतो परदेशातनं. पाऊस न्हाई तर दुसरं काय मिळतंय? कार्डावर मान्सं चार. तू पाचवी, तुझं नाव न्हाई. पांढरा शाळू म्हाताऱ्यानं कुंभारीस्नं आणलेला, एकच पोतं. ते तुझं."

"आणि ते?"

"ते लाल खातेत. आन् तेबी मोजूनच." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "रडू नगो यव्वा. चांगली लठ्ठ झालीस, त्यांचं चीज झालं."

मी आणि मिलो, दोघंही बोटीनंच आलो. तो कार्डावर आहे, मी नाही.

मी चार महिने एका घराचं पोतं खाल्लं, आणि नियम म्हणून खाल्लं. बांगड्या सैल घालायची पद्धत नव्हती. किती मूर्ख आहे मी.

सारी दुपार विचार केला. आता नको म्हणावं, तर मला कळलं हे त्यांना कळणार, आणि त्यांनी इतक्या मनानं झाकलेलं मी उघडं केल्यासारखं होणार. आणि त्यांच्या पद्धतीनं आणखी आग्रहच होणार. मी इथं असेन तोपर्यंत ते वाढणारच. म्हणून मी इथं नसावं, हेच बरं. शिवपुत्रअण्णांना कार्ड टाकलं: कृपया मला दुसऱ्या घरी हलवावे. कारण लिहिलं नाही. घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

मला इथून जायचं नाही, हेही खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.

१४ मार्च

अण्णांचं उत्तर आलं. तेही कार्डच. माझ्या आधी काकांनी वाचलं, कारण कार्ड कुणीही वाचतं. "आपली अडचण न लिहिताही समजली. ती येणार हे ठाऊकच होते. रविवारी गाडी घेऊन येतो."

काकांनी ते माझ्या हातात दिलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. कामाची पाळी नसताना.

आजोबा उठले, तसबिरीच्या चौकटीतलं वजनाचं तिकीट काढलं, आणि माझ्या ट्रंकेवर ठेवलं. मग विचारलं, "आमच्या घरचं पानी बाधलं व्हय पोरी?"

"नाही आजोबा, पाणी चांगलं आहे."

"आसं." ते हसले, पण नेहमीसारखे नाही. त्यानंतर दिवसभर त्यांनी तांब्याला हात लावला नाही. तहान लागली की ओंजळ पुढे करायचे आणि मुक्ता वरून पाणी ओतायची. मला वाटलं, हात दुखत असेल.

१५ मार्च

मुक्तानं मला नळाच्या रांगेतच गाठलं. हंडा आपटला.

"कळत नाही की कळून घ्यायचं नाही तुला? आजोबांच्या बापाला गावात कुणी हाताला हात लागू न देता वरून पाणी ओतायचं. ओंजळीत! आजोबांनाही तसंच. त्यांच्या घरचं पाणी तर कुणी प्यायचंच नाही. आणि तू आलीस आणि आल्या आल्या माठात तांब्या बुडवलास. त्या दिवसापासून म्हातारा गल्लीभर सांगत फिरतोय. आणि आता बाईसाहेब अडचण लिहून बंगल्यावर निघाल्या!"

अण्णांचं "अवघड", अण्णांचं हसणं, गल्लीतले नमस्कार, कालची ओंजळ, सगळं एकामागून एक येऊन जागेवर बसलं.

"मी भाकरीसाठी चालले होते," मी म्हणाले.

"बंगल्यात जास्त मिळते म्हणून?"

"नाही. इथं कमी पडू नये म्हणून. शाळू चारच मुठी उरलाय, मुक्ता. मी डबा पाहिला."

मुक्ता हसायला लागली. हसता हसता उलट्या हंड्यावर बसली आणि रडायला लागली, आणि मग परत हसायला. रांगेतल्या बायकांना ओरडून म्हणाली, "बघा गं! हिला तीन वेळा नको म्हणता येईना, म्हणून ही घर सोडायला निघालीय!"

संध्याकाळी काकूंनी पाट मांडला. पांढरी भाकरी वाढायला वाकल्या.

"नको," मी म्हणाले.

काकू दचकल्या. "आजारी हायस का? खा की."

"नको."

"आगं अर्धी तरी. माझी शपथ हाय."

"नको," म्हणाले, आणि हात ताटावर आडवा धरला. तिन्ही नको खरे होते. मुक्ता दारात उभी राहून बोटांवर मोजत होती.

मग मी ताट उचललं, आत गेले, आणि आजोबांच्या शेजारी बसले. टोपलीला हात घातला तर आजोबांनी टोपली मागे ओढली. मी म्हणाले, "आजोबा, पाणी बाधलं नाही. मी तुमचं पोतं संपवत होते, म्हणून निघाले होते. दुसरं काही नाही."

आजोबा एकदम भडकले. "मग खायालाच व्हतं की ते! पावनीला लाल भाकर घालू व्हय? गल्ली काय म्हनंल?"

"मग मला पाहुणी धरू नका."

काका माठाजवळ उभे होते. म्हणाले, "आबा, माल परत पाठवायचा तर पाठवणाऱ्याची सही लागते. हिच्या बापाची सही कुठं आणू आता?"

आजोबांनी टोपली पुढे सरकवली.

लाल भाकरी चांगली लागत नाही. खरं लिहायचं ठरलं आहे, म्हणून लिहिते. भुश्यासारखी लागते.

१८ मार्च, रविवार

अण्णा गाडी घेऊन आले. मी आत काकूंच्या समोर मिलो थापत होते. मिलोला चिकटपणा नाही, परातीतून भाकरी उचलली की तुटते. काकू म्हणत होत्या, "ही भाकर हाय का तुमच्या बेटाचा नकाशा? आन् हे कडंला काय पडलं, आनखी एक बेट?"

बाहेर अण्णांचा आवाज आला. "पाहुण्या तयार आहेत ना?"

आजोबा म्हणाले, "पावनी? हितं पावनी कोन न्हाय. एक पोर हाय, ती भाकरी मोडतीया आत."

मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले आणि सांगितलं की माझं कार्ड चुकलं, मी कुठं जात नाही, त्रासाबद्दल क्षमा करावी. अण्णांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "नीट विचार केलास ना?" मी म्हणाले, केला.

आजोबा म्हणाले, "आलाच हाय तर बसा की. भाकर खाऊन जावा."

"नको नको, आत्ताच जेवलो."

"मग च्या तरी."

"नको."

"घोटभर पानी घ्या. उन्हाचं आलाय."

"नको," अण्णा म्हणाले, आणि हात आडवा धरला. समोर ताट नव्हतं.

त्यांना पद्धत पक्की ठाऊक आहे. गाडी गेल्यावर आजोबांनी मला हाक मारली. "आनसूया, तांब्या आन." चार महिन्यांत पहिल्यांदा नावानं. आतापर्यंत मी "ए मॉरिशस" होते.

२ एप्रिल

काका रेशन कचेरीतून अर्ज घेऊन आले. पाहुण्याचं नाव वर्षापुरतं कार्डावर चढवता येतं, हे त्यांना आता कळलं म्हणे. मुक्ता म्हणते, आधीच माहीत होतं, पण घरात धान्य कमी पडतं हे पाहुणीला कळू द्यायचं नव्हतं. अर्जात एक रकाना आहे: कुटुंबप्रमुखाशी नाते. काकांनी लिहिलं, पुतणी.

मी म्हणाले, "काका, हे खोटं आहे."

"तू मला काय म्हणतेस?"

"काका."

"मग काकाची कोण असते? मी रेल्वेत वीस वर्षं अर्ज भरतोय, मला शिकवू नकोस."

त्यांनी सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं. मी बाबांचा नियम मनात म्हणून पाहिला, आणि सही केली. बाबांना हे पत्रात कळवीन. रागावतील असं वाटत नाही. रागावले तरी सही केलेली आहे.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. गल्लीभर पताका, दारात रांगोळी. काकूंनी शाळूचं राहिलेलं पीठ काढलं. दोन भाकरी झाल्या. दोनाचे पाच करायचे, म्हणून आजोबांनी स्वतः मोडल्या. मुक्ताला मोठा तुकडा गेला, कारण तिचा पेपर चांगला गेला. मला लहान आला. काकू म्हणाल्या, "हिनं बक्कळ खाल्लंय ह्यातलं."

आज परत लाल. माझी भाकरी आता आख्खी उतरते, पाचातल्या तीन तरी. सकाळी स्टेशनात पन्नास किलो भरले. तिकिटामागे: घरात मान वाढेल. ते दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मान ऱ्हाऊ दे, आदी परात घास."

दुपारी सगळे एकत्र बसलो. टोपलीत शेवटची एक भाकरी उरली. मला आणखी भूक होती. मी ताट रिकामं करून थांबले. काकूंनी माझ्या ताटाकडे पाहिलं, ती भाकरी रात्रीसाठी झाकून ठेवली, आणि हात धुवायला उठल्या.

मी थोडी अर्धपोटी उठले. कुणीही आग्रह केला नाही.